पागुमेचे पाच दिवस

तव्यावरचं कॉफीचं एक बी टच्चकन फुटलं, तशा दोघी दचकल्या.

"करपवशील गं," एताफेराहू मावशी म्हणाली.

अस्नाकेचने तवा हलवला. शेजारची मावशी सकाळपासून तिसऱ्यांदा आली होती. आधी लोणी घेऊन, मग लाकडं घेऊन, आता नुसतीच. आणि अजून एकदाही तिने अस्नाकेचच्या नवऱ्याचं, मुलातचं, नाव काढलं नव्हतं. तो लढाईवर गेल्यापासून मावशीची थट्टा ठरलेली असे, "तुझ्या शिपायाने तिकडे एखादी गुबगुबीत स्वयंपाकीण गाठली असणार बघ!" सबंध पावसाळ्यात एक दिवस खाडा नव्हता.

अस्नाकेच बिया कुटायला बसली. कुटता कुटता, सहज म्हणावं तसं म्हणाली,

"काय मावशी, आमच्या शिपायाची स्वयंपाकीण बरी आहे ना?"

मावशीने चुलीतलं लाकूड आत सारलं. ते आधीच आत होतं.

"काहीतरीच बाई तुझं! सण तोंडावर आलाय, पोरीच्या पांढऱ्या झग्याचं बघ आधी. बाकीचं सणानंतर."

अस्नाकेचच्या हातातला बत्ता तसाच राहिला.

वर्षाला शेपटासारखा चिकटलेला हा तेरावा महिना, पागुमे. उण्यापुऱ्या पाच दिवसांचा. या दिवसांत वाईट बातमी आली, तर आळी ती पोटात ठेवते. नवं वर्ष उजाडू देते, पोरींना पिवळी फुलं घेऊन दारोदार गाऊ देते. मग सणाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य वर यायच्या आत, सगळे मिळून दाराशी येतात, सुतकात घेतात तसे शालीचे रंगीत काठ गळ्याशी घेऊन. गेल्या साली आळीतल्याच झेरितूच्या दारात अस्नाकेच तशीच उभी राहिली होती. त्याआधी पागुमेभर तिच्याकडे लोणी पोचवत होती, हसत होती.

तिने बत्ता पुन्हा उचलला. कॉफी उकळली, गाळली, कपात ओतली. एक थेंब सांडला नाही.

"साखर पुरे ना, मावशी?"

मावशीने पदराने डोळे टिपले. "धूर किती झालाय गं."

"लाकडं ओली आहेत," अस्नाकेच म्हणाली.

लाकडं चांगली खडखडीत वाळलेली होती.

तेवढ्यात लेक तिरुवर्क माळावरून पळत आली. पाय चिखलाने भरलेले, ओटीत पिवळ्या फुलांच्या कळ्या.

"मावशी, माझं गाणं पाठ झालं! पण बाबा आल्याशिवाय म्हणणार नाही मी. ते सणाला येणार आहेत."

मावशी कपात बघत राहिली.

तिरुवर्कने कळ्या आईच्या मांडीवर ओतल्या आणि आपला हात पसरून तिच्यापुढे धरला. महिना लागल्यापासून रोज सकाळी अस्नाकेच त्या हाताचं एकेक बोट मिटून द्यायची. आज विसरली होती.

"सांग ना आई, बाबा यायला आता किती बोटं उरली?"