नात्यातलं एक माणूस

"मूलबाळ?" हरसिमरनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पेन सरळ ‘नाही’च्या चौकोनाकडं नेलं.

बख्तावर सिंग शेगडीपाशी उभा राहून चहात वेलदोडे ठेचून टाकत होता. तो म्हणाला, "घाई कसली एवढी? आधी चहा तरी घे."

"तायाजी, चहा काय पळून चाललाय? परवा नवरीतमॅडमकडं जायचंय सह्या करायला. बायको नाही, आईबाप नाहीत, मूलबाळ नाही, अख्ख्या कॅनडात सख्खं-चुलत कुणी नाही. एवढे ‘नाही’ भरले की माझं काम झालं!"

"दुसऱ्याच्या ‘नाही’वर स्वतःचं भलं करणारी तू पहिलीच," बख्तावर हसत म्हणाला. पण मुठीतला बत्ता तसाच राहिला. हरसिमरनं खूण केली आणि पान उलटलं.

हरसिमर त्याच्या धाकट्या भावाची मुलगी, म्हणून तो तिचा ताया. नकोदरजवळच्या गावातून तीन वर्षांपूर्वी शिकायला म्हणून आली, कॉलेज झालं, आता क्वेनेलच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची उठबस करत होती. कामाच्या परवान्याचे आठ महिने उरले होते. कायम राहायचं तर गुण लागतात, आणि ते दर खेपेला थोडक्यात कमी पडायचे. अशात सल्लागार नवरीत कौरनं एक वाट दाखवली. ज्याचं या देशात स्वतःचं असं कुणीच नाही, त्याला रक्ताच्या नात्यातलं एक माणूस कायमचं बोलावून घेता येतं. जन्मात एकदा, आणि एकालाच.

हे ऐकून बख्तावर भलताच खूश झाला होता. सत्तर वर्षांचं त्याचं आयुष्य, त्यातली सत्तेचाळीस वर्षं क्वेनेल या लाकूडकटाईच्या गावात गेलेली. गुरुद्वारातल्या बायका त्याच्याकडं बघून हळहळायच्या, पुरुष चेष्टा करायचे. आपल्या एकटेपणाचा कुणाला उपयोग होईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पण तो एकटा नव्हता. निदान कागदावर लिहिण्याइतका तरी नव्हता.

तो कामाला होता त्या लाकूड कापायच्या मिलच्या खानावळीत आयरीन नावाची बाई स्वयंपाक करायची. तिच्याबरोबर तो अडीच वर्षं राहिला होता. एक्क्याऐंशी साली मुलगी झाली. पाळण्यातल्या पोरीला तीन महिने झाले आणि गावाहून वडलांच्या आजाराची तार आली. तो गेला. वडील गेले. आईनं त्याचे दोन्ही हात धरून शपथ घातली, की त्या बाईचं नाव पुन्हा या घरात निघणार नाही. चार महिन्यांनी परत आला तेव्हा खोली रिकामी होती. आयरीन लेकीला घेऊन प्रिन्स रूपर्टला भावाकडं निघून गेली होती. चिठ्ठीत एवढंच होतं, ‘यायचं असेल तर ये.’

आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तो गेलाच नाही. आयरीन दर नाताळाला लेकीचा शाळेतला फोटो तेवढा पाठवायची. असे बारा फोटो आले, मग तेही थांबले. बख्तावरनं लग्न केलं नाही. गावाकडं विचारलं की सांगायचा, मिलच्या पाळ्या अशा, की बायको आणली तर ती भिंतींशी बोलेल.

मिलमध्ये त्याचं काम करवतींचं. आठ-आठ मीटर लांबीची पोलादी पाती, त्यांचा एकेक दात घासायचा, पात्याचा ताण हातोडीनं साधायचा, आणि ठाकठीक झालं की खडूनं आपली सही करून खाली पाठवायचं. एकदा ऐन मोसमात त्यानं चालू मिल थांबवली होती. चढवलेल्या पात्यात केसाएवढा तडा आहे, असं त्याला नुसत्या आवाजावरून वाटलं. फोरमन अंगावर धावून आला, आईबहीण काढली. बख्तावर म्हणाला, "त्यावर सही माझी आहे. उतरवा." पातं उतरवलं, भिंग लावलं, तडा होता. त्या दिवसापासून त्याच्या सहीला मिलमध्ये कुणी प्रश्न विचारला नाही. इतर बाबतीत फारसं काही कमावलं नाही, पण हे एक त्यानं कमावलं होतं.

ठरल्या दिवशी दोघं प्रिन्स जॉर्जला गेले. नवरीत कौरचं ऑफिस दोन खोल्यांचं. बाई चाळिशीची, बोलायला तडफदार. तिनं एकेक पान पुढं सरकवलं, कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं. बख्तावरनं तीन सह्या केल्या. चौथ्या पानावर पेन टेकवलं आणि उचललं.

"बीबीजी, इथं चुकलंय. मला मुलगी आहे."

हरसिमर हसली. तिला वाटलं, ताया थट्टा करताहेत. मग तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"कुठं असते?" नवरीतनं विचारलं.

"प्रिन्स रूपर्टला असावी. इथलीच आहे, जन्मानं."

"जन्मदाखल्यावर तुमचं नाव आहे?"

"ठाऊक नाही. बहुतेक नसेल."

नवरीतनं पेनाला टोपण लावलं. "तायाजी, तुम्ही हे मला सांगितलं नसतं, तर मला कळायचं काही कारण नव्हतं. पण आता सांगितलंत. ऐकलेलं मी न ऐकल्यासारखं करणार नाही. तुमचं स्वतःचं मूल या देशाचं नागरिक असेल, तर हा अर्ज इथंच संपला."

"संपू दे. खोट्यावर माझी सही नको," बख्तावर म्हणाला.

परतीच्या वाटेवर हिक्सन गाव मागं पडल्यावर हरसिमर एकदम उसळली. "बेचाळीस वर्षं गप्प बसलात. अजून आठ महिने बसला असतात तर काय बिघडलं असतं? नेमकं माझ्याच वेळेला तुम्हाला खरं आठवलं?"

"आठवायला विसरलो कुठं होतो?"

"मग माझ्या बापाला काय सांगू? जमीन गहाण टाकून पाठवलंय मला त्यांनी."

"मी सांगेन त्याला. सगळंच सांगेन. तू मान खाली घालायचं कारण नाही, पुत्तर. चूक माझी आहे."

"चुकीचं काय लोणचं घालू?" असं म्हणून तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

त्यानं खरोखरच भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, "आई गेली त्यालाही वीस वर्षं झाली, वीरजी. कधीतरी सांगायचंत." एवढंच बोलला.

चार दिवस हरसिमर कामावर जायची, यायची, स्वतःचं ताट वाढून खोलीत न्यायची. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती रोट्या लाटत होती. पाठमोरीच म्हणाली, "नाव काय तिचं?"

"जोसलिन."

"आणि तिला शोधायचं कधी? पुढच्या जन्मी?"

दोन दिवसांत तिनंच शोधून काढलं. आयरीन सहा वर्षांपूर्वी वारली होती. जोसलिन मासळीच्या कारखान्यात मुकादम होती. फोनही हरसिमरनंच केला. पलीकडून उत्तर आलं, "रविवारी मला सुट्टी असते. यायचं तर या. पण रडारड नको."

शनिवारी निघून रविवारी दुपारी ते पोचले. बंदरावरचं लाकडी घर, बाहेर रबरी बूट उलटे टांगलेले, आणि वरून बारीक पाऊस. दार उघडलं त्या बाईचं कपाळ बघून बख्तावरला गलबलून आलं. ते थेट त्याच्या आईचं कपाळ होतं. ज्या आईनं शपथ घातली, तिचंच.

जोसलिननं खुर्च्या दाखवल्या, सामन माशाचे तुकडे आणि पाव पुढं ठेवला. बराच वेळ ती त्याच्या पगडीकडं, हातांकडं, पुन्हा पगडीकडं बघत राहिली.

"ही सांगत होती सगळं फोनवर. मी त्यानंतर माझा दाखला काढून बघितला," ती म्हणाली. "बापाच्या नावाची जागा कोरी आहे. आईनं काही लिहिलंच नव्हतं. म्हणजे तुम्ही सही ठोकून मोकळे झाला असतात, तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं."

"हो."

"मग का नाही केलीत?"

बख्तावरनं दाढीवरून हात फिरवला. "एकदा तुला सोडून आलो, ते कुठं लिहिलेलं नाही. त्याचं काय करायचं ते तू ठरव. पण तू नाहीसच, असं माझ्या हातानं लिहून देणं... ते नाही जमलं."

जोसलिन उठली. खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. स्वतः घातलेली अट तिनं मोडली नाही, पण वळायला वेळ लावला. वळली ती हरसिमरकडं.

"आणि तुझं काय आता?"

"सप्टेंबरपर्यंत परवाना आहे. मग बघू."

"काम काय करतेस?"

"वृद्धाश्रमात. आंघोळ घालते, भरवते, शिव्या खाते."

"इथल्या वृद्धाश्रमात माणसं टिकत नाहीत. जी टिकेल तिला कायम राहता यावं म्हणून ते प्रांताकडं शिफारस करतात, कागद करून देतात. आई शेवटी तिथंच होती, मी ओळखते सगळ्यांना. पाऊस सोसेल का तुला? वर्षातले दोनशे दिवस."

"पंजाबातला जून सोसलाय."

"तो उलटा झाला."

"मग उलटं शिकेन."

जोसलिन पहिल्यांदा हसली. "वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे. भाडं लागेल. चुलत बहीण असलीस म्हणून काय झालं?"

मे महिन्यात हरसिमरनं आपल्या दोन बॅगा गाडीत टाकल्या. बख्तावरनं तिला पोचवलं आणि तो माघारी आला. क्वेनेलच्या घरात आता एकाच ताटाचा स्वयंपाक होऊ लागला. रविवारी फोन यायचा. आधी हरसिमर बोलायची, मग म्हणायची, "थांबा, ही काहीतरी विचारतेय." जोसलिन त्याला बाप म्हणत नसे. ‘बख्तावर’ अशीच हाक मारायची, आणि तीही चुकीचं उच्चारून. तो दुरुस्त करत नसे.

कायम रहिवासाचं पत्र यायला वीस महिने लागले; तोवर वृद्धाश्रमाच्या शिफारशीवर परवाना वाढून मिळाला होता. बख्तावरला प्रिन्स रूपर्टहून बोलावणं आलं. हरसिमरनं गुरुद्वारातल्यासारखा कडाह प्रसादाचा शिरा केला, जोसलिननं अख्खा मासा भाजला. गावाकडं व्हिडिओ लावला तेव्हा भाऊ जोसलिनकडं बघत राहिला. मग पंजाबीतच म्हणाला, "आपली बेबे आहे ही तर!" हरसिमरनं अर्थ सांगितला, बेबे म्हणजे आपली आजी. जोसलिन म्हणाली, "तुम्ही सगळे तेच म्हणता. फोटो तरी दाखवा एकदा तिचा."

तिसऱ्या दिवशी बख्तावर एकटाच परत निघाला. रस्त्याच्या कडेला बर्फ साठलेलं होतं, पण डांबर कोरडं होतं. बर्न्स लेकला तो जेवायला थांबला. दुपारची वेळ, हॉटेलात दोन-तीन ट्रकवाले. वाढणारी बाई वयानं मोठी होती. तिनं कपात कॉफी ओतता ओतता विचारलं, "लांबून येताय?"

"प्रिन्स रूपर्टहून. मुलींकडून," बख्तावर म्हणाला.

बाई मान डोलावून दुसऱ्या टेबलाकडं वळली. त्यानं कप उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"दोघी तिथंच असतात," तो मोठ्यानं म्हणाला, कुणी विचारलं नव्हतं तरी.