योगी भाऊचे हात

रविवारी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी रेफरीचा मेसेज आला. ‘योगी १५ हॅक वापरतो अशी तक्रार आहे. शेवटच्या मॅचला हँडकॅम लावावा. साडेतीनला कॅमेरा चालू नसेल तर अख्खा स्क्वॉड बाद. – रंगनाथ.’

मी मेसेज वाचला आणि माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरले होते. आमच्या कंपनीतल्या पूजाचं सोमवारी लग्न होतं आणि शनिवारी संध्याकाळी सगळ्या जणींनी मला धरून तिच्या शेजारी बसवलं होतं. रंग असा चढला की पूजाची आई म्हणाली, आता हिलाच उभी करा बोहल्यावर. तेव्हा मीही खिदळले होते. आता साबणाची अख्खी वडी घासून संपवली असती तरी तो रंग हलणार नव्हता.

हँडकॅमचं असं असतं. मोबाइलवरच्या या खेळात कुणी फार अचूक गोळ्या मारायला लागला की हरलेल्यांच्या पोटात दुखतं. याने फोनमध्ये काहीतरी चोरीचं टाकलंय, तेच नेम धरतंय, अशी ओरड सुरू होते. मग रेफरी सांगतो, दुसरा फोन लाव आणि त्यात तुझा स्क्रीन आणि तुझे दोन्ही हात दिसू देत. हात उघडे हवेत, बाह्या वर हव्यात. चेहरा दाखवायची सक्ती नसते, पण माझे हातच पुरेसे होते. कारण आमच्या स्क्वॉडमधल्या तिघांसाठी गेलं दीड वर्ष मी ‘तो’ होते.

माझं नाव योगिनी. अंबडच्या एका कंपनीत मी दिवसभर विजेची बटणं जोडते. आमच्या लाइनवर सगळ्या बायकाच आहेत, कारण साहेबांच्या मते बायकांची बोटं चटचट चालतात. खेळातल्या पोरांचं मत बरोबर उलटं. आयडी काढताना मी माझं अर्धं नाव घेतलं आणि पुढे नाशिकच्या गाड्यांवरचा पंधरा आकडा लावला. मी पुरुष आहे असं मी कुणाला कधीच सांगितलं नाही, पण कुणी विचारलंही नाही. पहिल्याच दिवशी या स्क्वॉडमधल्या बुद्धभूषणने लिहिलं, ‘हा भाऊ भारी खेळतो.’ मी ते खोडून काढलं नाही, आणि मुद्दामच काढलं नाही.

त्याआधी दोन-तीन स्क्वॉडमध्ये मी माइकवर बोलून पाहिलं होतं. ‘हॅलो’ म्हटलं की माझा खेळ तिथेच संपायचा. एकाला नंबर हवा असायचा, दुसरा घाणेरडं बोलायचा, आणि जो त्यातल्या त्यात सज्जन असायचा तो औषधं माझ्या पायाशी टाकून मला झाडामागे बसवून ठेवायचा. या सज्जनाचा मला सर्वांत जास्त राग यायचा. म्हणून इथे सांगितलं, माइक बिघडलाय. नकाशावर खूण करायची, चार शब्द टाइप करायचे, बस्स. ते मला ‘मुका भाऊ’ म्हणायला लागले.

आणि या मुक्या भाऊचा शब्द चालायचा. शत्रूच्या घरात सगळ्यांत आधी मी शिरायचे. मी खूण केली की बुद्धभूषण, अबरार आणि बहिरू काही न विचारता त्या खुणेवर धावायचे. कंपनीत पाणी प्यायला उठायचं तर विचारावं लागतं, घरात आईपुढे माझं काही चालत नाही. माझ्या एका बोटावर तीन माणसं धावतात अशी जागा मला आयुष्यात एवढीच मिळाली होती. या शेवटच्या मॅचमधल्या पहिल्या दोन स्क्वॉडना पुण्याच्या फेरीत जायला मिळणार होतं आणि मला पुण्याला जायचं होतंच. पण हातातून जाईल अशी भीती होती ती पुण्याची नाही, या जागेची.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, तरी सांगते. चार महिन्यांपूर्वी अबरारने त्याच्या मामेबहिणीला, माजिदाला, राखीव खेळाडू म्हणून आणलं होतं. पोरगी छान खेळली. नंतर बाकीचे दोघं म्हणाले, पोरगी नको, उगाच लफडी होतात. योगी भाऊ, तुझं काय म्हणणं? मी लिहिलं, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ माजिदा पुन्हा दिसली नाही.

सव्वातीन झाले. नेट गेलं म्हणून गप्प बसणं सोपं होतं. पण बहिरूच्या हरसूलला रेंजचा भरवसा नाही, म्हणून तो सकाळच्या जीपने त्र्यंबकला येऊन ओळखीच्या दुकानात बसला होता. वर ग्रुपमध्ये बुद्धभूषणचा मेसेज: ‘लाव रे योग्या हँडकॅम. एकदाची तोंडं बंद होऊ दे त्यांची.’ त्याला जराही शंका नव्हती. मला रडूच आलं.

आई फोनवर कीर्तन ऐकत होती. तिच्या हातातून तो जवळजवळ ओढूनच घेतला, ती बडबडत स्वयंपाकघरात गेली. स्टुलावर पोह्यांचा डबा, डब्यावर फोन, पडू नये म्हणून दोन रबर लावले. रेफरीला हात दिसण्याआधी त्या तिघांना माझ्याकडूनच कळायला हवं होतं. म्हणून मी दीड वर्षात पहिल्यांदा माइकचं बटण दाबलं.

“बुद्धभूषण, मी योगी बोलतेय. माझं नाव योगिनी.”

बहिरूच्या बाजूने रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

“भाऊची बहीण हाय का?” बहिरूने विचारलं.

“नाही. दीड वर्ष तुमच्याबरोबर आहे ती मीच.”

“मग इतके दिवस खेळत कोण होतं?” हा अबरार.

त्याने ते टोचून विचारलं असतं तर परवडलं असतं. त्याने खरंच विचारलं होतं. दीड वर्षाच्या गोळ्या आणि खुणा त्याने एका वाक्यात दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकल्या. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, बुधवारी तू विहिरीमागे अडकला होतास, दोन गोळ्या उरल्या होत्या, डावीकडून निघ हे तुला कुणी लिहिलं? हेच हात होते. त्याला ते पटलं असं मला वाटलं नाही.

बुद्धभूषण कॅप्टन होता. शेवटी तो बोलला. “ताई, तुम्ही आधी सांगायला हवं होतं.”

मघापर्यंत ‘कुठे मेलास योग्या’ म्हणणारा हा माणूस. शिव्यांची माझी तयारी होती. ‘तुम्ही’ची नव्हती.

तीन अठ्ठावीसला, मी कळवलेल्या आईच्या नंबरवर, रंगनाथचा व्हिडिओ कॉल आला. मी दोन्ही हात कॅमेऱ्याखाली धरले. तो म्हणाला, ताई, खेळाडूला बोलवा. मी म्हटलं, खेळाडू मीच. त्याने आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं, पुढून, मागून, मग म्हणाला, “ठीक आहे. बघू.” त्या ‘बघू’मध्ये सगळं आलं. मी चांगली खेळले तर हॅक, वाईट खेळले तर आधीचा खेळ कुणा भावाचा. निकाल त्याच्या हातात होता.

पहिल्या चार गोळ्या वाया गेल्या. समोरचा माणूस उघड्यावर उभा होता, लहान पोरानेही टिपला असता, आणि माझ्या गोळ्या त्याच्या मागच्या भिंतीवर. कॉलवर रंगनाथ खाकरला. मी जीभ दाताखाली धरली आणि मनाशी म्हटलं, योगिनी, लाइनवर बटणं जोडतेस तेव्हा कोण बघतंय याचा विचार करतेस का? पाचवी गोळी लागली, सहावी पण लागली. मग हात आपले आपण चालायला लागले. पुढच्या दहा मिनिटांत मी पाच जण टिपले.

पण स्क्वॉडमध्ये काहीतरी बिघडलं होतं. बहिरूने स्वतःचं चांगलं चिलखत काढून माझ्यासमोर ठेवलं, मी न मागता. अबरार, जो कायम माझ्या मागे असायचा, तो पुढे चालायला लागला. मी टेकडीवर खूण केली. एरवी तिघं धावले असते. बुद्धभूषणने बाकीच्या दोघांना विचारलं, “जायचं का?” त्यांना विचारलं, मला नाही.

शेवटी आमच्यासकट तीन स्क्वॉड उरले. एक दूर नदीपलीकडे होता. दुसरा आमच्यासमोरच्या घरात, चारही जण जिवंत. त्या घरातले संपले की पुणं पक्कं. घरासमोर मोकळं अंगण आणि अंगणाच्या कडेच्या भिंतीला एकच खिडकी होती.

आमचा एक नियम होता आणि तो माझाच होता. गोळी लागून कुणी आडवा पडला की लगेच मरत नाही, साथीदाराने दहा सेकंद शेजारी बसून उचललं तर तो पुन्हा उभा राहतो. पण लढाई चालू असताना उचलायला जायचं नाही. पडला त्याला तिथेच सोडायचं आणि आधी समोरचे संपवायचे. या नियमाने आम्ही सगळे कितीतरी वेळा एकमेकांना सोडून गेलो होतो, कुणाला कधी वाईट वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, मी दारातून शिरते, तुम्ही खिडकीवर थांबा. मी पडले तरी खिडकी सोडायची नाही.

“ताई, तुम्ही मागं थांबा,” बुद्धभूषण म्हणाला. “आम्ही जातो.”

मी उत्तर दिलं नाही, सरळ अंगण ओलांडलं आणि दारातून आत शिरले. पहिला जिन्याखाली होता, तो गेला. दुसरा वळायच्या आत गेला. तिसऱ्याने मला अगदी जवळून उडवलं आणि मी उंबऱ्यावर आडवी पडले. आत दोघे उरले होते, त्यातला एक आधीच जखमी. खिडकीतून दोघेही समोर दिसत असणार. तीन बंदुका, दोन माणसं, जेमतेम तीन सेकंदांचं काम होतं.

तिघांनी खिडकी सोडली. मी आडवी पडल्या पडल्या त्यांना उघड्या अंगणातून माझ्याकडे धावत येताना पाहिलं.

“येऊ नका. खिडकी, खिडकी धरा,” मी ओरडले. माझा आवाज चढला होता, चिरकला होता. योगीने हेच टाइप केलं असतं तर ते जागेवर थांबले असते. त्यांना ऐकू आली ती ओरडणारी बाई, आणि ते आणखी जोरात धावले. बहिरू माझ्याशेजारी बसला. बाकीचे दोघे आमच्यापुढे आडोसा धरून उभे राहिले. आतून एक हातबॉम्ब घरंगळत आला आणि चौघेही एकदम संपलो. आमचा नंबर तिसरा आला.

रंगनाथ म्हणाला की हँडकॅममध्ये काही गैर नाही, तक्रार फेटाळली आहे. मग म्हणाला, ताई, खरंच छान खेळलात. मी थँक्यू म्हटलं आणि कॉल बंद केला.

आम्ही चौघं माइकवर तसेच होतो. बहिरूचा आवाज रडवेला झाला होता. “ताई पडली अन् तिला तशीच टाकून द्यायची? मला नाय जमलं ते.”

त्याच्यावर ओरडावं असं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं. त्या पोराने माझ्यासाठी पुणं घालवलं होतं. त्याला वाटत होतं, आपण चांगलं वागलो.

“योगी पडला असता तर?” मी विचारलं.

बुद्धभूषण खरं तेच बोलला. “सोडला असता त्याला. खिडकीतून दोघांना घेतलं असतं.”

“आणि जिंकलो असतो.”

“हो.”

अबरारला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. “टेन्शन नका घेऊ. नेक्स्ट टाइम ताईंना पहिल्यापासून मागेच ठेवू. एकदम सेफ.”

“हां, आसंच करू,” बहिरू म्हणाला, आणि बुद्धभूषण नाही म्हणाला नाही.

मी माइक बंद केला. त्यांचं बोलणं चालूच होतं, मला कुठे बसवायचं, माझ्याजवळ कुणी थांबायचं. दीड वर्ष मी योगीसाठी घाबरत आले होते, कधी पकडला जाईल म्हणून. आता मला त्याचा हेवा वाटला. त्याला पडायला परवानगी होती.