भागीच्या हातातला दोर

कर्जतपासून खालापूरपर्यंतच्या फार्महाऊसवाल्यांच्या मोबाइलात 'झाडवाला पोशा' असं एक नाव हमखास असायचं. छपरावर आलेली फांदी, तारेत घुसलेला शेंडा, वादळात अर्धा मोडून लटकलेला माड, काही असो, बोलवा पोशाला. पोशीर गावाच्या वर डोंगराला लागून त्याची वाडी. तिथून तो मोटारसायकलवर यायचा. मागं त्याची बायको भागी, आणि भागीच्या मांडीवर दोराचं हे एवढं वेटोळं. बाई काय करते म्हणून कुणी विचारलंच, तर लोक म्हणायचे, "ती काय, खाली उभी असते."

उभी असते म्हणे! अहो, दोराचं एक टोक वर पोशाच्या कमरेला, दोर बेचक्यातून खाली आलेला आणि दुसरं टोक हिच्या हातात. तो निसटला तर त्याला झेलायचा ते हिच्या तळहातांनी. तो वर सरकला की दोर ओढून घ्यायचा, फांदीवर पुढं गेला की तेवढाच सोडायचा, कमी नाही, जास्त नाही. झाड तोडणं म्हणजे नुसतं चढून तोडणं असतं, तर माकडांनी बंगले बांधले असते. चारचौघांत भागी नवऱ्याला 'अवं' आणि 'तुमी' करायची, पण दोर हातात आला की सरळ एकेरी. दोरावर मानपान करत बसलं की माणूस खाली येतो.

सामान तरी किती बदललं! सासऱ्याच्या काळी कमरेला लाकडाची आकडी, तिच्यात अडकवलेला कोयता, खांद्यावर काथ्याचा दोर, संपलं बिऱ्हाड. आता पोशाकडं बेल्ट, हेल्मेट, खोडाला वेढायचा पट्टा, पेट्रोलची करवत. भागीला हे सगळं आवडायचं, खोटं कशाला बोला. पण गुळगुळीत नायलॉनचा दोर हातात घेतला की तिला काथ्याची आठवण यायचीच. काथ्या हाताला कुसळासारखा टोचायचा, आणि तिचा बाप म्हणायचा, टोचतोय म्हणजे जागा हाय.

बापाबरोबर ती राब तोडायला जायची. भाताच्या रोपांचा वाफा, म्हणजे दाढ, भाजायला पालापाचोळा लागतो, त्याच्यासाठी ऐनाच्या फांद्या उतरवायच्या, त्याला राब म्हणतात. भागी झाडावर जन्मल्यासारखी चढायची. खालून बाप ओरडायचा, "शेंडा ठेव गं! शेंडा ऱ्हायला तर झाड पुन्यांदा उभं ऱ्हातं." पोशा तिला बघायला आला त्या दिवशीही ती ऐनावरच होती. पाहुणे ओटीवर बसून चहा पितायत आणि मुलीचा पत्ता नाही! भावकी कावरीबावरी झाली. पोशा मात्र उठला, झाडाखाली आला, वर हलणारे दोन पाय बघितले आणि चपला काढून चढायला लागला. काय बोलले वर ते दोघांनाच ठाऊक. खाली उतरले तेव्हा दोघंही हसत होते, आणि म्हाताऱ्यांना फक्त तारीख धरायची राहिली होती. त्या फांदीवरचा वारा भागीला अजून आठवायचा. तेवढं सुख तिला पुढं कधी लागलं नाही, असं ती मनाशी म्हणायची आणि मग स्वतःलाच रागवायची.

कारण लग्नानंतरच्या वर्षी सासरच्या दारातला आंबा मोहरला नाही. भागी त्याच्यावर कैऱ्यांसाठी चढली होती आदल्या साली. सासूनं कपाळाला हात लावला. "बाईमाणूस फळझाडावर चढलं, आता कशाला मोहरतंय!" भागीनं पोशाकडं बघितलं. पोशा कोयत्याला धार लावत होता. तो काही बोलला नाही. झालं. भागी खाली उतरली ती उतरलीच. दोर धरायला लागली, आणि इतका चांगला धरायला लागली की पोशाला दुसरा माणूस कधी शोधावा लागला नाही. आंबा पुढच्या वर्षी लगडला, पण ते कुणाला सांगणार?

आता मूळ गोष्ट. गेल्या पावसाळ्यापासून दोर वेगळा वागायला लागला होता. वर पोशा पाय टाकायचा आणि दोरातून एक बारीक थरथर भागीच्या हातात उतरायची. आधी तिला वाटलं वारा असेल. मग बिनवाऱ्याच्या दिवशीही तेच. पोशाला वर गरगरत होतं, दुसरं काय! तो घरी अवाक्षर बोलला नाही. भागीनंही विचारलं नाही. झाडावर चढणाऱ्या माणसाला 'तुला चक्कर येते का' असं विचारणं म्हणजे त्याचा कोयता काढून घेणं. तिनं एवढंच केलं की दोर जरा ताणून धरायला लागली. दिसणार नाही एवढा. त्याचं थोडं वजन ती खालूनच उचलायची. रात्री खांदे भरून यायचे, तर निरगुडीचा पाला बांधून पडायची.

आणि पोशाला बरं वाटायला लागलं! एकदा जेवता जेवता म्हणालाच, "मधी वर जरा कसंतरी व्हायचं गं. आता गेलं." भागीचा घास तोंडातच राहिला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्याचा चेहरा इतका खुलला होता की मेली जीभच उचलली नाही. त्याच खुशीत त्यानं चौकच्या चिंचेचं काम घेतलं.

चौक गावात जुन्या हायवेला लागून योगेंद्रचं गॅरेज होतं, आणि गॅरेजमागं ही चिंच, बघताना मान मोडेल अशी. तिची एक जाड फांदी सुकून पत्र्यावर वाकली होती. होळी तोंडावर आलेली, चिंचा पिकून झाड नुसतं खुळखुळत होतं. योगेंद्रची आई गोदूबाई खाट टाकून बसलेली. "फांदी तेवढी काढ रं बाबा, झाडाला धक्का नको. माझ्या सासूनं लावलेलं हाय."

पोशा चढला. नेहमीपेक्षा उंच. तिथून खालचा दोर कितीही ताणला तरी पुरत नाही, मधल्या फांद्याच दोराचा ताण खातात. भागी जीव खाऊन ओढत होती आणि वर काही पोचत नव्हतं. करवतीनं फांदी अर्धी कापली आणि एकदम बंद पडली. बंद पडली कसली, पोशानं बंद केली. मग काहीच हालचाल नाही.

"काय झालं रं?"

भागीनं मान मागं टाकून वर बघितलं. तो खोडाला मिठी मारून होता, तोंड सालीत खुपसलेलं. खोडाभोवतीचा पट्टा अडकवलेलाच. तो सोडल्याशिवाय खाली घेता येत नव्हतं, आणि पोशा काही हात उघडत नव्हता.

योगेंद्र धावत आला. "वहिनी, मी फायर ब्रिगेडला फोन लावतो."

"नका!" भागी ओरडली. तिच्या डोळ्यांपुढं सगळं लख्ख उभं राहिलं. लाल गाडी, शिडी, हायवेच्या ढाब्यावरची माणसं मोबाइल वर करून उभी, आणि पोशाला पोरासारखं कडेवर घेऊन उतरवलेलं. शरीरानं तो उतरला असता. बाकी पोशा वरच राहिला असता, कायमचा.

तिनं दोराचे वेढे चिंचेच्या बुंध्याला घातले आणि टोक योगेंद्रच्या हातात दिलं. "वेढे भार धरतील. मी वरून सांगेन तसं सोडा, हळूहळू." फांद्या उतरवायचा दुसरा दोर खांद्याला अडकवला. काष्टा खोचला.

"अगं ए भवाने!" गोदूबाई खाटेवरून उठलीच. "फळझाड हाय ते! बाईमाणूस चढलं तर..."

भागी चढली होती तोवर. पहिल्या बेचक्यापर्यंत पाय चाचपडले, मग पायांना आपलं आपलं आठवलं. कुठं टेकायचं, कुठल्या फांदीवर विश्वास ठेवायचा नाही. घामानं डोळे चुरचुरत होते आणि हिच्या मनात काय यावं? ऐनावरचा वारा! नवरा वर अडकलाय आणि हिला बरं वाटतंय. लाज वाटली तिला, पण बरं वाटायचं थांबलं नाही. पोशाजवळ पोचली, बेचक्यातून आपला दोर टाकला, कमरेला बांधला, उरलेलं टोक खाली सोडलं.

"डोळे उघड."

"नाय गं. सगळं फिरतंय."

"मंग मिटूनच ऱ्हा. पट्टा मी काढते. हात तेवढा सोड."

"गेलं व्हतं गं. खरंच गेलं व्हतं."

"गेलं नव्हतं. मी खालून धरून ठेवत व्हते तुला."

पोशानं तोंड वळवलं. डोळे मिटलेलेच. "कवापासनं?"

"पावसाळ्यापासनं."

"आन् मला सांगितलं नाय?"

"तू सांगितलंस का मला?"

भोवती चिंचा खुळखुळत होत्या. मग पोशाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याला हसूही आलं. "दोघंबी येडे," तो म्हणाला, आणि हात सुटले. भागीनं पट्टा काढला. खाली हाक दिली, आणि पोशा हळूहळू उतरत गेला, पानांमधून, जमिनीपर्यंत.

तो खाली बसला. पाणी प्याला. गोदूबाई वर बघून म्हणाली, "हिला उतर म्हणावं आता."

पण अर्धी कापलेली फांदी पत्र्यावर डोलत होती, आणि भागी तिच्याकडंच बघत होती. "हातकरवत दोराला बांधा!" ती वरून ओरडली.

"पोशा, अरे काय हे! झाड फळ धरायचं नाय पुन्यांदा!" गोदूबाई ओरडली.

पोशा उठला. गोदूबाईला म्हणाला, "माझी आई बी असंच बोलली व्हती, आजी. तवा मी गप ऱ्हायलो." त्यानं आपल्या कमरेचा दोर सोडून त्याला करवत बांधली, आणि भागीचं लोंबतं टोक दोन्ही हातांत घेतलं.

योगेंद्रनं टोक ओढलं तशी करवत वर आली. भागीनं त्याच दोरानं फांदी बांधली, आणि कापाजवळ जायला पाय पुढं टाकला. जाता येईना. कमरेपाशी दोर घट्ट ओढलेला. खाली बघितलं तर पोशा बुंध्याला पाय लावून, सगळं अंग मागं टाकून दोर ताणून उभा. हातांच्या शिरा वरून दिसत होत्या. डोळे आता टक्क उघडे, वर लागलेले.

भागीला सगळं समजलं, आणि त्याला किती भीती वाटतेय तेही समजलं, कारण तीच भीती तिनं पावसाळ्यापासून हातात धरली होती.

"पोशा!" ती ओरडली. "पडले तर झेल. पन आदुगरच धरून ठेवू नको. सोड थोडा!"

तो तसाच उभा राहिला.  मग पोशानं बुंध्यावरचा पाय खाली घेतला, एक मूठ उघडली, नंतर दुसरी, आणि वर भागीच्या कमरेपाशी दोर सैल झाला.

ती फांदीवर चालत गेली.