खानदानी आजार

बोरीच्या आबासाहेबांना साधा आजार शोभत नसे. गावातले सर्वांत मोठे जमीनदार. त्यांच्या सर्दीलाही काहीतरी भारदस्त नाव लागायचं. ते पुरवायचं काम दिनकररावांचं. हे जिंतूरच्या कचेरीत कारकुनी करून आलेले. निजामाच्या दरबारी उर्दूत ते फार हुशार नव्हते, पण बाकीच्या गावाला ती येत नव्हती, एवढं त्यांना पुरे होतं.

सरकारी डॉक्टर दौऱ्यावर आला आणि त्यानं चावडीत सासऱ्या-सुनेला तपासलं. आबासाहेबांचं पोट फुगलेलं, सारख्या आंबट ढेकरा. सून कडूबाई खंगत चाललेली; कोरडा खोकला, रोज संध्याकाळी ताप. डॉक्टर हैदराबादेत शिकलेला. बाजारातली दखनी उर्दू गावाला कळे, याची पुस्तकी उर्दू दिनकररावांशिवाय कुणाला कळेना; म्हणून दुभाषे तेच. तो म्हणाला, बुजुर्गांना सू-ए-हज्म आहे. खाणं कमी, तूप बंद. सुनेला दिक आहे, पण सुरुवात आहे. कामातून सुट्टी, मोकळी हवा आणि भरपूर दूध मिळालं तर ती वाचेल.

सू-ए-हज्म म्हणजे अजीर्ण. दिक म्हणजे क्षय. दिनकररावांना दोन्ही अर्थ पक्के ठाऊक होते. पण समोर अख्खा गाव बसलेला. तिथं आबासाहेबांना अजीर्ण सांगायचं म्हणजे तुम्ही फार खाता असंच सांगायचं. शिवाय क्षयाला वैद्य राजयक्ष्मा म्हणतात. राजाचा आजार सुनेला आणि सासऱ्याला नुसत्या ढेकरा, हे दिनकररावांच्या रीतीत बसेना. त्यांनी आजारांची अदलाबदल करून टाकली.

“आबासाहेब, तुमाला दिक झालाय. लय इचार करणाऱ्या मोठ्या माणसालाच होतो. आराम करा, दूध प्या. सूनबाईला अपचन हाय. कमी खाऊ द्या, काम करू द्या, उतरंल आपोआप.”

पाप केल्यासारखं त्यांना वाटलंही असेल. वाटलं असेल तर ते त्यांनी पानाबरोबर गिळलं.

आबासाहेब दूध पिऊ लागले. चारठाण्याचे पाहुणे आले की लोडाला टेकून सांगायचे, “आमाला दिक हाय. तुमाला न्हाई व्हायचा.” पाहुणे मान डोलवायचे. तिकडे कडूबाई अर्ध्या भाकरीवर दळण दळत होती. एकदा तिनं विचारलं, “मामंजी, ताप का उतरंना माजा?” “आजून कमी खा,” सासरे म्हणाले. तिचा नवरा बन्सीधर तिथंच होता, पण बापापुढं तो फक्त जेवायला तोंड उघडायचा.

पावसाळा सरल्यावर डॉक्टर पुन्हा आला. तोवर तो मोडकीतोडकी मराठी शिकला होता. आबासाहेब आडवे वाढलेले आणि कडूबाईची हाडं वर आलेली पाहून त्याचा चेहरा उतरला. “दिक हिला आहे. दिक म्हणजे क्षय,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “आताही दूध, आराम मिळाला तर आशा आहे. हिचं दूध कोण प्यालं?”

सगळ्यांनी आबासाहेबांच्या पोटाकडं पाहिलं. दिनकररावांना जिंतूरचं तातडीचं काम आठवलं.

मग जे झालं त्याचा मला अजून संताप येतो. आबासाहेबांनी आधी आपली बाज लांब सरकवली. इतके दिवस मिरवलेला आजार एका दमात सुनेला देऊन टाकला. “आमच्या खानदानात असलं न्हाई. तिच्या माहेरचा आजार हाय, माहेरी धाडा.” पेडगावला निरोप गेला.

भाऊ मुंजाजी गाडी घेऊन आला, तसा गाव ओट्यावर जमला. कडूबाई गाडीत बसली नाही. ती गोठ्यात गेली, दुभती गाय सोडली आणि दावं धरून बाहेर आली.

“मामंजी, आजार माजा ठरला, मंग दूध बी माजंच. गाय घेऊन जायलेय मी.”

“आडवा रे तिला,” आबासाहेब ओरडले.

सालगडी जागचा हलला नाही, बन्सीधर हलला नाही. दिक म्हणजे काय हे आता सगळ्या गावाला नीट समजलं होतं. कडूबाई एकदा खोकली. दारातली गर्दी झटकन दोन्ही बाजूंना झाली आणि तिनं गाय गाडीमागं बांधली.