अर्ध्या जिन्यावरची लिफ्ट

मित्रांनो, वर्षानुवर्षे वर-खाली करूनही जिला वरचा एकही मजला धड बघायला मिळाला नव्हता, अशी लिफ्ट तुम्ही कधी पाहिली आहे का? ती मीच. आता माझे वय झाले आहे. पंखा घरघरतो, एक बटण दाबले की आतच रुतून बसते, आरसा कोपऱ्यात काळवंडला आहे. पण माझे रडगाणे म्हातारपणाचे नाही. ते माझ्या पाठीमागच्या भिंतीचे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रे कापून, ठोकून, घासून मला चकचकीत केले. शेजारची लिफ्ट इस्पितळात जाणार होती, पलीकडची हॉटेलात. माझ्या वाट्याला एक व्यापारी इमारत आली. खाली दुकाने, वर कचेऱ्या, दवाखाने, शिकवण्या. मी मनात म्हटले, छान झाले! दर मजल्यावर दार उघडेल आणि दर मजल्यावर नवे जग दिसेल.

पण इमारत बांधणाऱ्या बिल्डरचे डोके वेगळेच चालत होते. मला मजल्यावर थांबवायचे, तर दारापुढे मोकळी जागा सोडावी लागली असती. त्या जागेत त्याने प्रत्येक मजल्यावर एकेक खोली काढली आणि विकून टाकली. माझे दार उघडू लागले ते जिन्याच्या वळणावर, दोन मजल्यांच्या अधेमधे. तिथे उतरायचे आणि राहिलेला अर्धा जिना आपल्या पायांनी चढायचा.

मला बसवणारा कारागीर म्हणाला, "साहेब, लिफ्टमधून उतरून परत पायऱ्याच चढायच्या?"

"अहो, अर्ध्या जिन्याने कुणाचे पाय झिजत नाहीत!" बिल्डर हसला आणि विषय मिटला.

झाले, तेव्हापासून माझे जग ठरून गेले. समोर जिन्याचे वळण, एक खिडकी, तिच्यात वाळकी कुंडी, बाजूला सगळ्यांसाठीचे स्वच्छतागृह. खाली जावे, वर यावे, दार उघडावे, तर पुन्हा तसेच वळण आणि तशाच पायऱ्या. पिंजऱ्यातल्या पोपटाला निदान आकाश दिसते. मला दिसत त्या माणसांच्या पाठी आणि पोटऱ्या, वर चढत चढत दिसेनाशा होणाऱ्या. पाठीमागे भिंत, तिच्यापलीकडे माणसांची वर्दळ, आणि मधल्या मधे मी.

सुरुवातीला माझे कौतुकही झाले. माझ्या दारावर चाकाच्या खुर्चीचे निळे चित्र चिकटवले होते. तपासणीला आलेले साहेब ते बघून खूश होऊन गेले. चित्रातल्या माणसाने माझ्यातून बाहेर पडल्यावर करायचे काय, हे कुणीच विचारले नाही.

तिसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणजे नुसता वारा. माझे दार पुरते उघडायच्या आत त्या बाहेर पडत आणि पायऱ्या गाळत वर पळत. ती जागा त्यांनीच पसंत केली होती. "लिफ्ट आहे ना, मग पेशंटला काय त्रास!" असे त्या नवऱ्याला सांगताना मी ऐकले होते.

मग एकाएकी त्या दिसेनाशा झाल्या. लोक माझ्यात उभे राहून हळहळत. त्यांची गाडी उलटली होती, कण्याला मार बसला होता. "जीव वाचला हेच नशीब," असे म्हणत लोक उतरून जात. दवाखान्याला कुलूप लागले.

पुष्कळ दिवसांनी त्या परत आल्या, चाकाच्या खुर्चीत बसून. खाली मालाच्या ढकलगाडीसाठी उतार केलेला होता, त्यावरून नवऱ्याने खुर्ची आत आणली. मालाची काळजी सगळ्यांनाच असते. मी त्यांना जपून वर नेले, दार उघडले. त्या समोरच्या पायऱ्यांकडे बघतच राहिल्या.

"हा जिना इथे होता?"

"पहिल्यापासून होता," नवरा हळूच म्हणाला.

"असेल. मला कधी दिसलाच नाही."

वॉचमन आणि खालच्या दुकानातला हमाल धावत आले आणि खुर्चीला हात घालून ती उचलू लागले.

"थांबा! मी पोतं नाहीये. आधी सांगा, मग उचला."

वॉचमन ओशाळला. तेव्हापासून तो रोज विचारी, "मॅडम, उचलू का?" आणि त्या हो म्हणत. 'नाही' म्हणायची सोय होती कुठे? सकाळी वर, संध्याकाळी खाली, दोन माणसांच्या हातांवर हेलकावे खात. एकदा हमालाचा पाय सरकला आणि खुर्ची कलली. बाईंनी कठडा घट्ट धरला म्हणून त्या वाचल्या. स्वच्छतागृह माझ्यासमोर, म्हणजे त्यांच्या दवाखान्यापासून अर्धा जिना खाली. त्यासाठी कुणाला हाक मारायला नको म्हणून त्या दिवसभर पाण्याचा थेंबही घेत नसत.

"विकून टाकू या गं," नवरा एकदा म्हणाला. "तळमजल्यावर दुसरी जागा बघू."

"बघितल्या ना! कुठे ओटा, कुठे उंबरा, कुठे दार एवढंसं. तळमजला फक्त नावाचा. आणि माझी माणसं इथे येतात रे."

लिफ्टच्या मेकॅनिकने बाईंना उपाय सांगितला होता. माझ्या पाठीमागची भिंत फोडायची, तिथे दुसरे दार बसवायचे, म्हणजे मी थेट तिसऱ्या मजल्यावर थांबू शकले असते. मात्र भिंतीपलीकडची खोली इमारतीच्या सेक्रेटरींची होती. त्यांचा कागदाचा घाऊक धंदा होता आणि खोली गठ्ठ्यांनी भरलेली होती. तिचा एक कोपरा त्यांनी सोडायला हवा होता.

"बाई, एका माणसासाठी भिंत फोडायची?" सेक्रेटरी माझ्यातच उभे राहून म्हणाले. "गठ्ठे काय डोक्यावर ठेवू? आणि तुम्हाला उचलायला माणसं आहेत की!"

 माझी पाठ त्या भिंतीलाच लागून होती. मला आजवर ती जगाची शेवटची भिंत वाटत होती. त्या दिवशी कळले, पलीकडे हातभर अंतरावर मजला आहे.

मग तो दिवस उजाडला. हमाल गावी गेला होता. नवरा बाईंना खाली सोडून कामावर गेला. वॉचमन "आत्ता कुणाला तरी घेऊन येतो" म्हणून जो गेला, तो गेलाच. बाई वळणावर थांबल्या. पेशंट येत, त्यांच्या खुर्चीला वळसा घालून वर जात आणि दवाखान्यात डॉक्टरांची वाट बघत बसत. येणारा-जाणारा बघून बघून जाई. ते असह्य होऊन त्या परत माझ्यात आल्या आणि त्यांनी खालचे बटण दाबले. तेवढ्यात वीज गेली.

आम्ही दोघी मधेच लटकलो. काळोख झाला. पंखा थांबला. बाईंनी घंटा वाजवली, दार बडवले, मोबाईल लावून पाहिला. पण माझ्या पत्र्यांच्या आत मोबाईल मुका होतो. हवा कोंदट झाली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यांनी माझ्या पत्र्यावर तळवा टेकला आणि म्हणाल्या, "तू पण अडकलीस ना गं?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी 'गं' म्हटले नव्हते. दोर असते तसे तोडून मी त्यांना वर घेऊन गेले असते. पण लिफ्टला तेही जमत नाही.

वीज आली. मी पुन्हा त्याच वळणावर येऊन दार उघडले, तर समोर सेक्रेटरी! गालाला रुमाल लावलेला आणि गाल टम्म फुगलेला.

"डॉक्टर, दाढ! रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो!"

"बसा त्या पायरीवर. आ करा." बाईंनी मोबाईलच्या उजेडात पाहिले. "पू झालाय. लगेच काढायला हवा."

"मग काढा ना!"

"कशानं? हत्यारं वर, मी खाली."

"मग चला ना वर!" सेक्रेटरी बोलून गेले आणि मग त्यांची नजर पायऱ्यांवर गेली.

"उचलायला माणसं आणायला गेलाय वॉचमन," बाई शांतपणे म्हणाल्या.

सेक्रेटरींनी उठून स्वतःच खुर्चीला हात घातला.

"राहू द्या. तुमच्या कमरेला पट्टा आहे. दोघंही गडगडू."

त्यांनी पर्समधून वेदनेची गोळी काढून दिली. मग दोघेही बसून राहिले, एक पायरीवर आणि एक खुर्चीत. मधूनच सेक्रेटरी कण्हत, जिन्यातून खाली डोकावून वॉचमनच्या नावाने शंख करत आणि पुन्हा गाल धरून बसत.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "रोज असं बसावं लागतं तुम्हाला?"

"रोज नाही. कुणीतरी मिळतं बहुतेक. पण मिळेल की नाही, याचा घोर सकाळी डोळा उघडल्यापासून असतो."

सेक्रेटरींनी मान हलवली. ती दाढेच्या कळेने हलली की आणखी कशाने, ते मला सांगता येणार नाही.

शेवटी वॉचमन दोन माणसे घेऊन आला. सगळे वर गेले. थोड्या वेळाने वरून सेक्रेटरींची आरोळी ऐकू आली आणि मग शांतता पसरली.

ते एका रात्रीत बदलले नाहीत. पुढे कितीतरी दिवस ते कुरकुरत राहिले. "कोपराच देईन, खोली नाही," असे बैठकीत बजावले, टेप घेऊन दोनदा माप काढले. पण एके सकाळी गठ्ठे हलले आणि माझ्या पाठीवर घणाचे घाव बसू लागले. इमारत हादरत होती आणि मला मात्र प्रत्येक घाव हवासा वाटत होता. एक वीट पडली. माझ्या पाठीतून उजेड आत आला. मी पहिल्यांदा एक मजला पाहिला! साधाच होता. मोकळ्या केलेल्या कोपऱ्यापलीकडे पिवळट फरशी, बाकावर गाल धरून बसलेला एक पोरगा, भिंतीवर हसऱ्या दातांचे चित्र. मला मात्र राजवाडा वाटला.

नवे दार बसले त्या दिवशी बाई आल्या. मी तिसऱ्या मजल्यावर थांबले आणि मागचे दार उघडले. नवऱ्याचा हात सवयीने खुर्चीकडे गेला.

"हात काढ," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही हातांनी चाके ढकलली आणि एकट्या बाहेर पडल्या. मागे वळूनही पाहिले नाही. तेच मला फार आवडले.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण भिंत फुटली ती एकाच मजल्यावरची. बाकीच्या मजल्यांना विचारले, तर उत्तर येते, "आमच्याकडे खुर्चीवाले कुणी येतच नाहीत." येत नाहीत, की येऊ शकत नाहीत?

कालचीच गोष्ट. एक आई आपल्या तरुण मुलाला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. दुसऱ्या मजल्यावर त्याची नोकरीसाठी मुलाखत होती. वळणावर दार उघडले. त्याने पायऱ्या पाहिल्या, आईने त्याच्याकडे पाहिले.

"परत जायचं का रे?" तिने विचारले.

माझे दार बंद होऊ लागले. त्याने मधे हात घातला आणि वर तोंड करून हाक मारली, "अहो, मुलाखत घ्यायला कुणी खाली येता का?"

वर खुर्च्या सरकल्या. दोन साहेब खाली आले, अवघडून पायरीवर बसले आणि मुलाखत झाली. मुलगा छान बोलला. साहेब हसले, त्यांनी हात मिळवला. पण नोकरी मिळाली, तरी तो रोज वर जाणार कसा?

म्हणून तुम्हाला एक विनवणी आहे. उद्या तुमच्यातले कुणी इमारती बांधतील, कुणी दुकाने थाटतील, कुणी सेक्रेटरी होतील. तेव्हा दारावर निळे चित्र लावून मोकळे होऊ नका. एकदा खुर्चीत बसा आणि रस्त्यापासून टेबलापर्यंत स्वतः जाऊन बघा. जिथे अडाल, तिथेच कुणीतरी रोज अडते आहे.

आणि माझी आठवण झाली, तर घण घेऊन या. दुसऱ्या मजल्याच्या भिंतीला पाठ लावून मी उभीच आहे.