चार दिवसांची बॅग

"आपण इथे कायम राहता का?" पडताळणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"छे छे!" सासरे म्हणाले. "चार दिवसांसाठी आलोय. सुनेला भेटायला."

आत चहा गाळणाऱ्या सुनेच्या हातातली गाळणी कलंडली. ती बाहेर येईपर्यंत साहेबांचं लिहून झालं होतं.

"अहो साहेब, ते सगळ्यांनाच असं सांगतात. अकरा वर्षं झाली, इथेच आहेत ते."

"बाई, माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय, मी काय वेगळं लिहू?" साहेबही दमलेले होते. सकाळपासून लोकांचे आईबाप तपासत ते जिने चढत-उतरत होते. त्यांनी दाराजवळ ठेवलेल्या बॅगेकडे नुसतं बोट दाखवलं. बॅग भरलेली होती, पट्टे आवळलेले होते. चहा न घेताच ते निघून गेले.

सून पाणीपुरवठा खात्यात नळांचे मीटर दुरुस्त करायची. सगळे तिला मीटरबाईच म्हणायचे. बंद पडलेलं मीटर उघडायचं, आतला गाळ खरवडायचा, चाक फिरतंय का बघायचं आणि पुढचं उचलायचं. या नोकरीत चैन अशी एकच, कुटुंबाला फुकट उपचार. कुटुंब म्हणावं तर घरात हा एक म्हातारा. त्याच्या हृदयाची झडप बदलायला झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता थांबण्यात अर्थ नाही. तो खर्च पदरचा करायचा तर तिला सात जन्म मीटर खरवडावे लागले असते. खात्याच्या उपचार-कार्डावर सासऱ्यांचं नाव चढलं तर ऑपरेशन, नाही तर रामराम.

नवरा हयात नसला तरी सासऱ्यांचं नाव घालता येतं, असा नियम होता. मात्र ते सुनेजवळ राहणारे आणि तिच्यावरच अवलंबून असायला हवेत, आणि सुनेने दुसरं लग्न केलेलं नसावं. कचेरीतल्या कारकुनाने नवरा मेल्याचा दाखला मागितला आणि सासरे जिवंत असल्याचा. तिने दोन्ही आणले. जिवंत असल्याचा दाखला मिळायला जास्त हेलपाटे पडले, कारण मेलेल्या माणसाबद्दल कोणाला शंका नसते.

एवढं सगळं होऊन घोडं अडलं ते त्या चार दिवसांपाशी.

मुलगा आजारी पडला तेव्हा सासरे खरोखरच चार दिवसांसाठी म्हणून आले होते. आजारपणात त्यांचं घर विकलं गेलं, मग मुलगाही गेला, आणि ते राहिले. पण राहिले ते पाहुण्यासारखे. कपाटात कपडे ठेवले नाहीत. धुतलेले कपडे घडी करून पुन्हा बॅगेत. तिने दुसरी किल्ली करून आणली तर म्हणाले, "पाहुण्याला कशाला किल्ली?" खाली फेरी मारायला गेले आणि तिला यायला उशीर झाला, की जिन्याच्या पायरीवर बसून राहायचे. बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून त्यांची थट्टा चालायची. त्यांनाही ती ठाऊक होती.

त्या संध्याकाळी मात्र तिचा तोल गेला.

"बाबा, काय गरज होती? एक 'हो' म्हणायचं होतं!"

"तोंडातून निघून गेलं गं. सवयीनं."

"सवय! तुमचं चार दिवस, चार दिवस ऐकून कान किटले माझे. मी काय धर्मशाळा चालवते? एवढं परकं वाटतं तुम्हाला इथे?"

सासरे भिंतीला टेकले. त्यांना धाप लागली होती. मग ती पाणी आणून त्यांच्याजवळ बसली. आजारी माणसाशी धड भांडताही येत नाही, याचाच तिला जास्त वैताग आला.

पुढच्या आठवड्यात तिने रजा टाकली आणि त्यांना घेऊन कचेरी गाठली. जबाब फिरवायचा तर सासऱ्यांनी स्वतः येऊन सांगायला हवं होतं. रांग मोठी होती. खिडकीशी त्यांचा नंबर आला तेव्हा मागे पंधरा-वीस माणसं कान टवकारून उभी होती.

"कुठे राहता?" कारकुनाने विचारलं.

"आम्ही एकत्रच असतो."

"म्हणजे कोणाच्या घरी?"

"हिच्या."

"उत्पन्न?"

"तसं काही नाही. पण माझं लागतंच किती!"

"काका, भीड भिकेची बहीण. स्पष्ट बोला. तुमचा खर्च कोण करतं?"

सासऱ्यांनी खिडकीची कड धरली. सुनेला वाटलं, पुरे, चला घरी. चारचौघांत या माणसाला उघडं करायला आपणच हाताला धरून आणलं, याची तिला लाज वाटली. पण ती तिथेच उभी राहिली. दुसरा इलाज नव्हता.

"ही करते," ते मोठ्याने म्हणाले. "कपड्यालत्त्यापासून औषधापर्यंत सगळं. मुलगा गेल्यापासून हिच्याच जिवावर आहे मी. मला दुसरं घर नाही."

कारकुनाने लिहून घेतलं आणि कागद सुनेकडे सरकवला. "पुनर्विवाह केलेला नाही, इथे सही करा. आणि पुढे केलात, तर यांचं नाव कमी होईल. मान्य आहे ना?"

"मान्य आहे," ती म्हणाली आणि तिने सही केली.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. सासरे तळव्यांकडे बघत होते.

"त्यासाठीच होती ती बॅग," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"तो गेला तेव्हा तुझं वय ते काय होतं! कुठे जमलं असतं तुझं. घरात म्हातारा बसलेला बघून समोरचा माघारी फिरायला नको. म्हटलं, आपली तयारी असावी. कोणी आलं, की उचलली बॅग आणि निघालो."

"निघून जाणार कुठे होतात?"

"ते नव्हतं ठरवलं."

ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. "मला सांगायचं तरी!"

"सुनेला असं कसं सांगायचं? तू काही बोलली नाहीस, मी काही विचारलं नाही."

"आता कोण येतंय, बाबा? हाताला गंजाचा वास येतो माझ्या."

"तो तेव्हाही येत होता," सासरे म्हणाले.

नाव चढलं. दवाखान्यात भरती व्हायच्या सकाळी तिने ती बॅग रिकामी केली. तळाशी अकरा वर्षांपूर्वीचे दोन सदरे होते, इस्त्री करून ठेवलेले, घडीवर पिवळे पडलेले. ते तिने नवऱ्याच्या कपाटात टांगले. सासऱ्यांनी ते पाहिलं. मग दवाखान्यात लागणारं सामान तिने बॅगेत भरलं.

जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. बॅग बघून त्यांनी नेहमीची थट्टा केली, "काय, निघालात? झाले वाटतं चार दिवस?"

"दवाखान्यात चाललोय," सासरे म्हणाले. "मग घरीच येणार आहे."

सून कुलूप लावत होती. तिने ते दोनदा ओढून पाहिलं.

"अगं, ती दुसरी किल्ली आहे ना अजून?" त्यांनी विचारलं. "माझ्याकडे दे."

तिने पर्समधून काढून दिली. ती त्यांनी मुठीत धरली, आणि आजवर कोणाला उचलू न दिलेली बॅग तिच्या हातात देऊन कठड्याच्या आधाराने ते जिना उतरू लागले.