झाकणभर मोल

आधीच सांगून टाकतो, चूक माझी हाय. पोरीची न्हाई, सरांची न्हाई, माझीच.

मी बहिरू. गेल्या साली, म्हंजे ऐंशीला, शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई व्हतो, ते बी हंगामी. बाटल्या धुवायच्या, पानी भरायचं, फुटलेल्या काचा गोळा करायच्या. बायको जाऊन चार वर्सं झालेली, पोटी पोर न्हाई. माले गावातल्या घरी गेलं की चूल आन् मी. शाळेत बी कुनी बोलत न्हवतं म्हना. "बहिरू, बादली आन," याला काय बोलनं म्हनत्यात व्हय? एकटी चंद्रकला तेवढी थांबायची. सोपानरावांची लेक, अकरावीतली. "मामा, जेवला का?" म्हनायची. जेवलो नसलो तरी मी व्हय म्हनायचो. लई बरं वाटायचं.

मी दाराशी उभं ऱ्हाऊन वाल्मीक सरांचं शिकवनं ऐकायचो. एकदा सर म्हनले, "पदार्थाचे कण इतके बारीक की मोजता येत नाहीत. आपण भाताचे दाणे मोजत बसतो का? पायली भरतो. तसा मोल. मोल म्हणजे कणांची पायली." आता भातवाल्या गड्याला ह्यापरास सोपं काय सांगनार? मला झटक्यात कळलं. निदान मला तसं वाटलं.

वार्षिक प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी सर तालुक्याला मीटिंगला गेले. मला चिठ्ठी ठेवली. कॉस्टिक सोडा, एक दशांश मोल. ऑक्झॅलिक आम्ल, एक दशांश मोल. दोन्ही एकेक लिटर पान्यात. एरवी सर सोता तोलायचे. सोड्याचे चार ग्रॅम म्हंजे डबीचं एक झाकण, हे मी बघून ठेवलं व्हतं. मग आम्लाचं बी एक झाकण घातलं. पायली ती पायली, भाताची काय आन् नाचनीची काय! वरनं बोट फिरवून सपाट केलं, खळ्यावर करतो तसं. आन् स्वतःवर खूस झालो, गाढव कुठला.

परीक्षेत नळीतनं सोडा थेंब थेंब आम्लात सोडायचा, गुलाबी रंग आला की थांबून आकडा लिवायचा. वीस यायला पायजे, हे जुन्या वह्यांवरनं समद्या वर्गाला ठाऊक. त्या दिवशी समद्यांचंच पाचाला गुलाबी झालं. एकवीस पोरांनी गपचूप वीस लिवलं. चंद्रकलेनं तीनदा करून बघितलं आन् पाच लिवलं. तिला शून्य मिळालं. ती रसायनात नापास झाली, आन् सोपानरावांनी आधीच सांगून ठेवलं व्हतं, नापास झालीस की शाळा बंद.

मी तवा पानी आनायला विहिरीवर. मला ह्यातलं कायबी ठाऊक न्हाई. ती यायची थांबली एवढंच कळलं. प्रयोगशाळा खायला उठायची.

सुट्टी लागली तवा रद्दी बांधताना तिचा पेपर हाती लागला. सातवी शिकलोय, वाचता येतं. एवढा सोडा लागला तर त्यात कन किती, आम्लाचे त्याच्या निम्मे, मग लिटरला किती, असं पोरीनं पायरी पायरीनं उलटं जाऊन शेवटी लिवलेलं, "बाटलीत ३.१५ ग्रॅमच आम्ल आहे. हवे १२.६." त्यावर सरांची लाल काट. मी झाकण भरलं आन् तराजूत टाकलं. तीन ग्रॅम आन् वर जरासं. पायलीत माप सारखं असतं. मोलात नग सारखे असत्यात, वजन ज्याचं त्याचं.

तसाच तिच्या वस्तीवर गेलो. ती बांधावर गवत कापत व्हती. म्हनलं, "पोरी, बाटली मी भरली व्हती."

"मला तवाच ठाऊक व्हतं, मामा."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सर म्हनले, बाटली चुकली म्हनत असलीस तर ज्यानं भरली त्याला आजच घरी बसवतो." तिनं विळा खाली ठेवला. "तुमी काय बोलू नका आता. शपथ हाय माझी."

मी मान हलवली. आयुष्यात माझ्यासाठी असं कुनी केलं न्हवतं. वाटेत लई रडलो, लाज न्हाई सांगायला.

तीन दिवस तिचा पेपर घोकला. चौथ्या दिवशी शपथ मोडून मोठ्या सरांकडं गेलो. वाल्मीक सर तितंच व्हते. म्हनले, "तुला काय कळतं त्यातलं?" मी खडू घेतला आन् फळ्यावर समदं गणित मांडलं, पाचापासनं तीन पूर्णांक पंधरापत्तोर. मग तराजू पुढ्यात ठेवून झाकण तोलून दावलं.

वाल्मीक सर फळ्याकडं बघतच ऱ्हायले. "बहिरू, हे कोणी शिकवलं तुला?"

"तुमी शून्य दिलं ना, तिनं."

तिचे मार्क दिले. मला उद्यापासनं येऊ नको म्हनले. मी एकच मागनं मागितलं. पोरीला म्हना, मार्कांची बेरीज चुकली व्हती. आन् बहिरू इचारला, तर म्हना, पुन्याला चांगलं काम लागलं, आनंदात गेला.

आता ती बारावीला हाय. सकाळची येष्टी माझ्या दारावरनंच जाती, तिची खिडकी रस्त्याच्या ह्याच अंगाला. गाडीचा आवाज आला की मी दार लावून घेतो. मी पुन्यात हाय ना.